समाजमंदिरातलं विषामृत

शिट्टी पहिल्याच शनिवारी जमा झाली.
मोहिनीबाईंनी ती कपाटात ठेवली, किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी,
म्हणाल्या, सर, इथे हिचा आवाज
कुणाकुणाला सुईसारखा टोचतो.
एकतीस वर्षं गळ्यात होती.
त्या संध्याकाळी घरी जाताना
मान हलकी झालीय की उघडी पडलीय, तेच कळेना.

घणसोली, सेक्टर सात. पहिला मजला.
भिंतीशी रचलेल्या लग्नाच्या लाल खुर्च्या,
खांबाला परवाच्या बारशाचा फुगा, निम्मा सुकलेला.
पाच मुलं, चार आया, एक आजोबा,
आणि बंद ठेवलेला तिसरा पंखा,
कारण तो कुरकुरतो आणि ते फक्त रेवाला ऐकू येतं.
हल्ली मलाही येतं.

फळ्यावर बाईंनी चित्रं चिकटवलीत:
आधी बूट काढायचे. मग गोल. मग खेळ. मग केळं.
मला वाटायचं, खेळ काय शिकवायचा?
पोरं मैदानात सोडली की
गवतासारखा आपला आपण उगवतो.
चौऱ्याण्णवच्या सहावी 'ब'मध्ये एक मुलगा होता,
लंगडीच्या तासाला फक्कीच्या रेषेवरून चालत राहायचा,
टाचेला अंगठा लावत, पूर्ण चौकोन, पुन्हा चौकोन.
मी त्याला बाहेर बसवलं. वर्षभर.
रेषा पुसते म्हणून.
नाव आठवत नाही. हजेरीतला एकोणीस.

आज विषामृत.
राज्य माझ्यावर, गुडघा कुरकुरत असला तरी.
हातानं शिवायचं नाही असा आमचा ठराव,
कारण झैदला नुसता तळवा लागला तरी ते विषच, खरंखुरं.
म्हणून माझ्याकडे तांबडा रुमाल,
मुलांकडे निळे.
तांबडा लागला की थिजायचं,
कुणी निळा लावला की सुटायचं.
'कुणीतरी येऊन सोडवेल'
हे शिकवायला तीन शनिवार गेले.
'आपण जाऊन सोडवायचं' अजून चालू आहे.

कृपेशला रुमाल लागला. कृपेश थिजला.
एक हात वर, मान खाली, पाय अर्धा वळलेला.
कुणाचं लक्ष नाही.
रेवा फुग्यापाशी,
सुमेध निळा रुमाल नाकाला लावून
साबणाचा वास घेतोय,
अन्वय दाराची कडी काढतोय, लावतोय.
म्हात्रे वहिनी कळवळून म्हणाल्या,
"अरे, सोडवा की कुणी त्याला!"
बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.
दोन मिनिटं. चार.

मग झैद आला.
रुमाल त्याच्या खिशातच.
कृपेशपासून दीड हातावर थांबला,
हात वर केला, मान खाली घातली,
पाय अर्धा वळवला
आणि थिजला.
मग रेवा.
मग सुमेध, रुमाल नाकाशीच.

राज्य माझ्यावर आणि पळत कुणीच नाही.
नियमात हे कुठे बसत नव्हतं.
शिट्टी असती तर मी फुंकली असती.
बाईंकडे पाहिलं, त्यांनी खांदे उडवले.
मग मीही हात वर केला.
खालच्या पिठाच्या गिरणीची घरघर
तळपायातून वर चढत होती,
इतके शनिवार ती तिथेच असणार.
कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.
सगळ्यांचे उजवे हात वर,
माझा थोडा कमी, खांद्यामुळे.

बाईंनी वहीत लिहिलं: एकत्र खेळ, अकरा मिनिटं.
अन्वय कडीपाशीच होता, तेही लिहिलं.

केळी वाटताना वहिनींनी मला हळूच विचारलं,
"खेळला का हो आज?"
मी उत्तर जुळवत होतो.
कृपेश सालीची टोकं जुळवत म्हणाला,
"फरश्या दोनशे सोळा. एक फुटकी आहे."